तराजूच्या पारड्यातले विश्व

व्यापारी घरात वहीच्या खालोखाल मान असतो तो तराजूला. चोपडापूजनाच्या वेळी त्याच्या दांडीलाही कुंकवाचे बोट लागते. 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे घेताना जास्तीचे आणि देताना कमीचे माप वापरणे, याची गणना तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत केली आहे. सांगलीची हळदपेठ असो किंवा कऱ्हाड, वडूज, फलटण येथील किराणा दुकाने असोत, पितळी पारड्यांचा तराजू गेल्या काही दशकांत हळूहळू मागे पडला आणि त्याच्या जागी विजेवर चालणारा काटा आला. दोन्ही साधने 'किलो' दाखवितात, म्हणून ती एकच गोष्ट मोजतात असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

दोन पारड्यांचा तराजू तुलना करतो. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्या पारड्यात माल ठेवला की पृथ्वी दोहोंना सारख्याच रीतीने खाली ओढते. ती ओढ कमी-जास्त झाली तरी दांडी समतोलच राहते. चंद्रावर ही ओढ येथल्या एक षष्ठांश आहे, पण तेथेही असा तराजू अचूक तोल दाखवील. विजेच्या काट्याचे तसे नाही. त्याच्या आत धातूचा एक तुकडा असतो, तो मालाच्या भाराने किंचित वाकतो, आणि त्या वाकण्याचे मोजमाप आकड्यांत उमटते. हा काटा पृथ्वीची ओढच मोजतो. मुंबईत समुद्रसपाटीवर जुळवून घेतलेला काटा तसाच उचलून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरी नेला तर क्विंटलमागे थोडे कमी दाखवील, कारण तेथे आपण पृथ्वीच्या केंद्रापासून थोडे दूर आणि विषुववृत्ताच्या थोडे जवळ गेलेलो असतो. वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक काटा जागेवरच प्रमाणित वजने ठेवून तपासतात, त्यामुळे ग्राहकाचे आणि दुकानदाराचे नुकसान टळते. परंतु वस्तूतील द्रव्य वेगळे आणि तिच्यावरची ओढ वेगळी, हा भेद ध्यानात येण्यास मानवाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

आरंभी सर्वच संस्कृतींनी जडपणा हा वस्तूचा स्वतःचा गुण मानला. जैन दर्शनात पुद्गलाच्या स्पर्शाचे आठ प्रकार सांगितले आहेत: शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, मृदू-कठीण आणि गुरू-लघू. म्हणजे जडपणा आणि हलकेपणा हे थंडी-उष्णतेसारखेच स्पर्शाचे गुण झाले. वैशेषिकांनीही 'गुरुत्व' हे पतनाचे कारण मानले आणि ते वस्तूच्या ठायी ठेवले. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने प्रत्येक द्रव्याला स्वतःची नैसर्गिक जागा असते व ते तिकडे जाते असे प्रतिपादन केले. बाहेरून कोणी ओढत आहे, ही कल्पना यांपैकी कोणाच्याच विवेचनात मध्यवर्ती नव्हती.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो. सर्व जड वस्तू खाली पडतात, तर एवढी मोठी पृथ्वी का पडत नाही? ती कशावर टिकली आहे? जैन परंपरेचे उत्तर येथे लक्षणीय आहे. तिने हत्ती, कासव किंवा शेषनाग यांचा आधार घेतला नाही. घनोदधी, घनवात आणि तनुवात या वलयांनी लोक वेढलेला आहे, आणि त्या वलयांना आकाशाचाच आधार आहे. चौदा रज्जू उंचीचा, ३४३ घनरज्जू आकारमानाचा हा लोक कोणी निर्माण केलेला नाही आणि कोणी धरूनही ठेवलेला नाही. मुक्त जीवाच्या ऊर्ध्वगतीसाठी दिलेला दृष्टान्तही याच विचारविश्वातला आहे. मातीचा लेप दिलेले तुंबडे पाण्यात बुडते आणि लेप विरघळला की आपोआप वर येते. गुरुता ही लेपाची, मूळ वस्तूची नव्हे. हा दृष्टान्त आत्म्याविषयी आहे, पदार्थविज्ञानाचा धडा म्हणून तो दिलेला नाही. पण त्या काळच्या आचार्यांनी वस्तूंचे बुडणे आणि तरंगणे किती बारकाईने पाहिले होते, हे त्यावरून कळते.

अलीकडे काही व्याख्यानांतून 'अधर्म द्रव्य म्हणजेच गुरुत्वाकर्षण' असे सांगण्याची प्रथा पडली आहे. ती शास्त्रालाही धरून नाही आणि विज्ञानालाही. अधर्मास्तिकाय स्थितीला साहाय्य करणारे उदासीन निमित्त आहे. वाटसरूला झाडाची सावली थांबण्यास उपकारक होते, पण ती त्याला हात धरून बसवीत नाही, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. गुरुत्वाकर्षण मात्र उदासीन नाही. ते स्थिर वस्तूला गती देते आणि चालत्या ग्रहाची वाट वाकविते. दोन्ही शब्दांची सांगड घातल्याने अभिमान सुखावतो, एवढाच काय तो लाभ.

प्राचीन काळी या विषयावर जो खरा वाद झाला, त्याची माहिती आपल्या समाजात फारशी नाही. जंबूद्वीपाच्या मध्यभागी मेरू, आणि त्याभोवती दोन सूर्य व दोन चंद्र फिरतात, अशी रचना सूर्यप्रज्ञप्तीसारख्या ग्रंथांत आहे. सूर्य मेरूभोवतीचे अर्धेच वर्तुळ एका अहोरात्रात पुरे करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी उगवणारा सूर्य वेगळा, असा त्यामागचा हिशोब. सिद्धान्तकार ज्योतिर्विदांनी या मताचे खंडन केले. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्याच्या गोलाध्यायात ते जैन मताला उद्देशून विचारतात की, ध्रुवाभोवतीचे तारे एका अहोरात्रात पुरी प्रदक्षिणा करताना डोळ्यांना दिसत असता सूर्य मात्र अर्धीच प्रदक्षिणा करतो असे का मानावे? भाषा काहीशी तिखट आहे, पण युक्तिवाद वेधांवर आधारलेला आहे, आणि ग्रंथाच्या अधिकाराशी त्याचा संबंध नाही. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा इसवी सन १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. हे पाटण म्हणजे सातारा जिल्ह्यातले कोयनाकाठचे पाटण नव्हे, असा घोटाळा पुष्कळदा होतो.

त्याच अध्यायात भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे असे स्पष्टपणे म्हटले आहे. आकाशातील जड वस्तूला पृथ्वी आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी भासते. पण सभोवती सगळीकडे आकाश सारखेच असताना पृथ्वीने पडावे तरी कोठे? बौद्धांपैकी काहींचे मत होते की पृथ्वी सतत खाली पडत आहे. त्यावर वर फेकलेली वस्तू परत पृथ्वीवर येते, याकडे भास्कराचार्यांनी बोट दाखविले. पृथ्वी अवजड, म्हणून तीच अधिक वेगाने पडणार आणि फेकलेली वस्तू मागेच राहणार, असे गृहीत धरले तरच हा युक्तिवाद बिनतोड ठरतो. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते, हे मत त्या काळी सार्वत्रिक होते. ते चुकीचे असल्याचे सतराव्या शतकात गॅलिलिओने दाखविले. हवेचा अडथळा नसेल तर दगड आणि पीस एकाच वेगाने पडतात. या शोधाचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच.

भास्कराचार्यांची आकर्षणशक्ती पृथ्वीपुरती होती, आणि तिचे गणित त्यांनी मांडले नाही. ते १६८७ साली न्यूटनने मांडले. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. ही ओढ द्रव्याच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. झाडावरचे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाखाली आले. या गणिताची पत इतकी वाढली की १८४६ साली युरेनसच्या वाटेतील फरकावरून नेपच्यून कोठे असावा हे आधी कागदावर ठरले, आणि मग तो दुर्बिणीत सापडला. मात्र बुध ग्रहाच्या खात्यात एक बाकी शिल्लक राहत होती. त्याची कक्षा दर शतकाला ४३ विकला इतकी जास्त सरकत होती. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. रोजमेळात दोन पैशांचा फरक राहावा तसाच हा प्रकार, पण चांगला मुनीम दोन पैशांसाठीही रात्र जागवितो.

या शिल्लक बाकीचा उलगडा होण्याच्या वाटेवरचे एक ठाणे आपल्या मुलखात पडले. शनिवार, २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून कृष्णा-कोयनेच्या संगमावरून, कऱ्हाड, खटाव आणि माण या भागांवरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेली, आणि तेथून वऱ्हाडात. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी अस्तित्वात नव्हता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते, आणि १९४९ साली 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला. सांगली शहर छायेच्या पट्ट्याच्या दक्षिणेस राहिले, त्यामुळे तेथे सूर्याची कोर उरली. कऱ्हाडच्या पेठेत मात्र सुमारे दोन मिनिटे भर दुपारी अंधार पडला असणार. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगची साथ चालू होती.

विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वेध घेतले. तेथेच अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसली होती. तिचे प्रमुख होते विल्यम कॅम्पबेल. त्या दिवशी त्यांचे लक्ष सूर्याच्या प्रभामंडलावर होते. खग्रास ग्रहणाचा उपयोग गुरुत्वाकर्षणाची परीक्षा घेण्यासाठी होईल, याची कल्पना तेव्हा कोणालाही नव्हती.

ती कल्पना आली आइन्स्टाइनकडून. दगड आणि पीस एकाच वेगाने का पडतात, या गॅलिलिओच्या जुन्या प्रश्नाकडे त्याने १९०७ साली नव्याने पाहिले. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडतेवेळी स्वतःचे वजन जाणवत नाही. ज्या बळाने सर्व वस्तू अगदी सारख्या पडतात आणि पडताना ते बळ जाणवतच नाही, ते बळ तरी कसे म्हणावे? १९१५ च्या नोव्हेंबरात त्याने उत्तर दिले. द्रव्य आपल्या भोवतालचा अवकाश आणि काळ वाकविते, आणि वस्तू त्या वाकलेल्या अवकाशातून आपल्या सरळ वाटेने जातात. या दृष्टीने पाहिले तर पृथ्वी सूर्याभोवती अखंड पडतच आहे, आणि तिच्यावरील सर्व काही तिच्याबरोबर पडत असल्याने ते आपल्याला कळत नाही. आठशे वर्षांपूर्वी खोडून काढलेल्या बौद्ध मताची येथे आठवण होते. परंतु त्या मताला गणित नव्हते, म्हणून आठवणीपलीकडे त्याला महत्त्व देता येत नाही. बुधाच्या ४३ विकला आइन्स्टाइनच्या गणितातून तंतोतंत निघाल्या.

प्रकाशही सूर्याजवळून जाताना १.७५ विकला वाकला पाहिजे, हे त्याचे दुसरे भाकीत. सूर्याजवळचे तारे केवळ खग्रास ग्रहणातच दिसतात. कॅम्पबेल यांनी पुन्हा तयारी केली. १९१४ साली ते रशियात गेले, तेथे ढग आले. महायुद्ध सुरू झाल्याने उपकरणे तेथेच अडकली. १९१८ साली अमेरिकेतच ग्रहण आले, पण हाती दुय्यम साधने होती. त्या छायाचित्रांवरून तर आइन्स्टाइनच्या विरुद्ध निकाल निघतो असे त्यांच्या वेधशाळेला वाटले. १९१९ साली एडिंग्टन यांच्या इंग्रज तुकड्यांनी अनुकूल निकाल जाहीर केला, तरी शंका उरल्या होत्याच. शेवटी १९२२ साली ऑस्ट्रेलियातील वॉलल येथे कॅम्पबेल यांना निरभ्र आकाश मिळाले, आणि तारे आइन्स्टाइनच्या आकड्याप्रमाणेच सरकलेले सापडले. आपल्या आधीच्या अनुमानाविरुद्ध गेलेला हा निकाल त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. जेऊरच्या माळावर कॅमेरा उभारणाऱ्या माणसाची ही चोवीस वर्षांची वाटचाल शाळेच्या पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती. तेथे बहुधा एडिंग्टनपाशीच गोष्ट संपते.

काळ वाकतो म्हणजे काय, हे आपल्याच परिसरात सांगता येते. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर तिच्याहून सुमारे ८०० मीटर उंच. सांगलीचे घड्याळ महाबळेश्वरच्या घड्याळापेक्षा दररोज एका सेकंदाच्या अब्जांशाच्या सात-आठ पट मागे पडते. पंचाहत्तर वर्षांत हा फरक सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका होईल. व्यवहारात याला किंमत नाही असे वाटेल, पण बेदाणा घेऊन निघालेला ट्रक कोठे पोहोचला हे मोबाइलवर दाखविणाऱ्या उपग्रहांची घड्याळे रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरची चूक पडेल.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक वाटतो. 'सापेक्षतावाद म्हणजेच आपला स्याद्वाद' हे वाक्य अनेक स्मरणिकांत छापलेले आढळते. स्याद्वाद सांगतो की वस्तू अनेकधर्मी आहे आणि एका विधानात तिचा एकच पैलू येतो, म्हणून विधानाला मर्यादा घालावी. आइन्स्टाइनचा आग्रह याहून निराळा आहे. निरीक्षक कोणीही असो, निसर्गाचे नियम सर्वांना एकच असले पाहिजेत. 'सापेक्षता' हे नावच थोडे दिशाभूल करणारे आहे. दोन्ही विचार आपापल्या जागी मोठे आहेत. नावाच्या साम्यावरून नाते जुळविणे हे नुसत्या आडनावावरून सोयरीक ठरविण्यासारखे होय.

विश्वाच्या इतिहासाचा प्रश्न यातूनच उभा राहिला, आणि त्यात एका मराठी घराण्याचे नाव कायमचे कोरले गेले. कोल्हापूरला १९०८ साली जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकून १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धान्तावर काम करणारी भारतातील पहिल्या पिढीची शाळा त्यांनी तेथे उभारली. त्यांचे पुत्र जयंत यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८ चा. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांचे शिष्य असताना १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा असा की वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नाही. विश्वातील उरलेल्या सर्व द्रव्याच्या संबंधातून ते येते. बाजारात एकट्या माणसाला पत नसते, चार पेढ्यांशी व्यवहार असला की ती उत्पन्न होते, तसाच हा विचार. सृष्टीचा आरंभ एका महास्फोटात झाला हे हॉइल यांना मान्य नव्हते. विश्व प्रसरण पावते आहे, पण ते सदैव होते व राहील, आणि विरळ होणारी जागा नव्याने निर्माण होणारे द्रव्य भरून काढते, असे त्यांचे स्थिरस्थिती विश्वाचे मत. मग हे द्रव्य येते कोठून? नारळीकर व हॉइल यांनी ऋण ऊर्जेचे एक निर्मितिक्षेत्र गृहीत धरले. जेवढे द्रव्य जमेला येते, तेवढीच ऋण ऊर्जा नावे पडते, आणि ताळेबंद जुळतो. दुहेरी नोंदीची पद्धत जाणणाऱ्याला हे चटकन उमगते.

अनादि-अनंत लोकावर श्रद्धा असलेल्या समाजाला हे मत जवळचे वाटले तर नवल नाही. पण पुढे जे घडले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे अतिशीत प्रारण सापडले. उष्ण आरंभाचा तो अवशेष आहे असे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मानले, आणि विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले जाते. नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ साली सुधारित मत मांडले, त्यात विश्वाच्या प्रसरण-आकुंचनाची आवर्तने होती. उत्सर्पिणी-अवसर्पिणीची आठवण करून देणाऱ्या या मताला विद्वानांत फारसे अनुयायी मिळाले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर ते प्रचलित मताला प्रश्न विचारीतच राहिले. ज्या आयुका या संस्थेची १९८८ साली पुण्यात त्यांनी उभारणी केली, तेथे महास्फोट मानणारे संशोधकही मोकळेपणाने काम करीत. जैन लोकस्वरूपाचा वैज्ञानिक पुरावा म्हणून त्यांचे नाव पुढे करणाऱ्यांनी हे विसरू नये. उद्या त्यांचे मत साफ चुकीचे ठरले, तर अनादित्वाची श्रद्धाही त्याबरोबर सोडावयाची काय? उसन्या भांडवलावर चालविलेल्या दुकानासारखी ही अवस्था होईल.

नारळीकरांच्या आणखी एका कामाचा धागा साताऱ्याशी जुळतो, आणि तो घराघरांतील विवाहप्रसंगांना स्पर्श करतो. ग्रह आपल्या आकर्षणाने माणसाचे भवितव्य घडवितात, या दाव्याची त्यांनी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने २००८ च्या सुमारास चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या दोनशे कुंडल्या जमविल्या गेल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडविले असते तर ते पन्नासच्या आसपास आले असते. गुरुत्वाकर्षणाचा हिशोब तर कोणालाही करता येतो. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ, सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर असताना नवजात बालकावर जेवढी ओढ लावतो, तेवढी ओढ प्रसूतीच्या वेळी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या देहाची असते. तरीही सुशिक्षित, पदवीधर, व्यवहारात चोख असलेल्या मुलींची स्थळे 'मंगळ आहे' एवढ्या शेऱ्यावर परत जातात. स्वकर्माशिवाय सुखदुःखाचा दाता दुसरा कोणी नाही, हे ज्या धर्माचे मर्म, त्याच्या अनुयायांना तरी या शेऱ्याचे वजन वाटू नये.

मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. रविवारच्या पाठशाळेत जंबूद्वीप आणि दोन सूर्य, सोमवारच्या शाळेत गोल पृथ्वी आणि एक सूर्य. हस्तिनापूरला जंबूद्वीपाची भव्य रचना पाहून आलेला नातू आजोबांना विचारतो की खरे कोणते? पुष्कळ घरांत त्याला गप्प केले जाते, किंवा शाळेतले परीक्षेपुरते लिही असे सांगितले जाते. यातून तो दोन खाती ठेवण्यास शिकतो, एक दाखविण्याचे आणि एक खरे. व्यापारात असे केले तर आपण त्याला काय म्हणतो हे सांगावयास नको. लोकस्वरूपाचे चिंतन ही बारा भावनांपैकी एक भावना आहे. या अफाट लोकात जीव किती काळ भटकला, हे मनावर ठसविणे हा तिचा हेतू, आणि पाठशाळेत तो हेतू तसा सांगता येतो. आकाशाच्या नकाशासाठी दुर्बिणीकडे जावे. दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे, एवढे सांगितले तर दहा वर्षांच्या मुलालाही ते कळते. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक कुटुंबातले विक्रम साराभाई विश्वकिरणांच्या संशोधनातून भारताच्या अवकाश कार्यक्रमापर्यंत गेले. उदयपूरचे दौलतसिंह कोठारी श्वेत बटू ताऱ्यांच्या अंतरंगाचे गणित मांडीत होते. घरात प्रश्न विचारू दिले नसते तर हे घडले नसते.

आज या विषयाचे सर्वांत नवे पान महाराष्ट्रातच लिहिले जात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांनी गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट द्रव्याची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली. बेरीज ६५ व्हावयास हवी होती, शिल्लक राहिली ती ६२. उरलेली तीन सूर्यांइतकी ऊर्जा अवकाशात लहरींच्या रूपाने पसरली, आणि त्या लहरींनी चार किलोमीटर लांबीच्या नळीत प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागाइतका फरक घडविला. असा क्षीण संकेत गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणितावर आयुकाचे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाअखेरीपासून काम करीत होते.

तशाच यंत्राची उभारणी आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हिंगोलीला लागूनच वाशीम जिल्हा आहे, आणि त्यात शिरपूर. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, या श्रद्धेने सातारा-सांगलीकडचे यात्रेकरूही दर्शनाला जातात. तेथून शंभर किलोमीटरच्या आत औंढ्याच्या माळावर काटकोनात दोन भुजा उभ्या राहतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. यंत्र चालू होईल तेव्हा अभियंते, गणिती आणि संगणकतज्ज्ञ लागतील. ती मुले-मुली आज शाळेत आहेत, त्यांतली काही सातारा आणि सांगलीच्या पेठांतली असावीत.